खाडाखोड केल्यास बाजूस सही करावी

दि. ३ फेब्रुवारी

मा. अनुदान अधिकारी महोदया यांस,

आमच्या बांध-मंडळातर्फे सादर निवेदन असे की, आपल्या संस्थेचे परिपत्रक मिळाले. शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांना शिकवावे आणि त्या शिकवण्याचा खर्च संस्थेने उचलावा, हा त्यातील विचार मंडळास पसंत पडला. अर्ज सोबत जोडला आहे. तो मी स्वहस्ते लिहिला आहे. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. परंतु ती चौथी पक्की होती. अर्जात एकही खाडाखोड आढळणार नाही. दोन ठिकाणी माझी चूक झाली, तेव्हा मी खोडले नाही. कोरा अर्ज आणवून सर्व पाने नव्याने लिहिली.

परिपत्रकाखालील सही मी पाहिली. सहीतील शेवटच्या अक्षराची शेपटी ओळ सोडून वर जाते. मी ज्या मुलीस पाटीवर अक्षरे गिरवायला शिकवली, तिलाही हीच खोड होती व पुष्कळ सांगूनही ती गेली नाही. हे केवळ निरीक्षण आहे. आपण नऊ वर्षांपूर्वी या घरातून निघून गेलात, म्हणून मंडळाच्या अर्जास वेगळी वागणूक मिळावी अशी माझी अपेक्षा नाही. चांगली नको, वाईटही नको.

मंडळाची माहिती थोडक्यात देतो. आम्ही तेवीस घरे आहोत. जमीन नांगरायची नाही, उघडी ठेवायची नाही, एका पिकाच्या पायाशी दुसरे घ्यायचे आणि थकलेली माती पुन्हा जिवंत करायची, हे आमचे काम. महिन्यातून एकदा कोणा एकाच्या शेतात जमतो. प्रत्येकजण आपली कुदळ आणतो. खुर्च्या मांडत नाही. खुर्ची आली की भाषण येते. वीत-दीड वीत खोल खड्डा काढतो, ढेकूळ हाताने फोडतो, वास घेतो, गांडुळे मोजतो आणि मग बोलतो. नियम दोन. ज्याचे शेत, त्याने आधी आपल्या शेतातील सर्वांत वाईट जागा दाखवायची. आणि जो एखादी युक्ती सांगेल, त्याने ती कोणाकडून घेतली हे प्रथम सांगायचे. चोरीचे बी उगवते, चोरीची विद्या उगवत नाही, असे हा दुसरा नियम करताना मीच म्हणालो होतो.

आम्हास यंत्र नको, इमारत नको. डोंगरापलीकडे आमच्यासारखीच चार मंडळे आहेत. त्यांच्या शेतांत जाऊन खड्डे काढायचे आहेत आणि त्यांना आमच्याकडे आणायचे आहे. त्यासाठी प्रवासखर्च, मिश्र बियाणे आणि नोंदी ठेवणाऱ्या एका व्यक्तीचा मोबदला हवा. पैसा कशावर खर्चायचा हे मंडळ ठरवील. कारण चूक झाली तर ती आपल्या कार्यालयात होत नाही, आमच्या शेतात होते.

प्रश्न क्रमांक नऊ असा आहे : 'ही पद्धत आपण कोणाकडून शिकलात?' तेथे मी 'जमिनीकडून' असे लिहिले आहे. उत्तर पूर्ण आहे.

आपला विश्वासू,
अध्यक्ष, बांध-मंडळ

ता. क. : आपल्या आईची प्रकृती ठीक आहे. ही माहिती अर्जाचा भाग नाही.


दि. २० फेब्रुवारी

मा. अधिकारी महोदया यांस,

अर्ज परत मिळाला. त्यास टाचणीने जोडलेल्या तीन शंकाही मिळाल्या. टाचणी काढताना आईच्या बोटाला लागली. ती म्हणाली, "पोरीचंच काम. उगाच नाही तुम्ही तिला टाचणी म्हणायचात. लहानपणापासून टोचतेच." तिला आनंद झालेला दिसला. बोट टोचल्याचा आनंद मी प्रथमच पाहिला.

शंका पहिली : खर्चात प्रशिक्षक तज्ज्ञाची तरतूद का नाही? उत्तर : तज्ज्ञ एकदा आले होते. त्यांनी बुटांना चिखल लागू नये म्हणून बांधावर उभे राहून जमिनीचे आरोग्य समजावून सांगितले. आमचा ट्रॅक्टरवाला त्यांना म्हणाला, "साहेब, डॉक्टर निदान नाडीला तरी हात लावतो हो." ते पुन्हा आले नाहीत. हा ट्रॅक्टरवाला आपल्याला आठवत असेल. आम्ही नांगरणे सोडल्यावर त्याचा धंदा बसला. सर्वांत जास्त शिव्या मला त्यानेच घातल्या. आज हिरवे पीक उभे असतानाच ते आडवे पाडून मातीवर अंथरणारा रूळ त्याने स्वतः घडवला आहे आणि चार गावे त्याच्याकडे तो मागायला येतात. त्याला कोणी तज्ज्ञाने शिकवले नाही. तो खड्ड्यात उतरला.

शंका दुसरी : 'घर सांभाळणाऱ्यास मोबदला' ही बाब प्रवासखर्चात कशी? उत्तर आमच्या उपाध्यक्षांच्याच शब्दांत देतो. त्यांची जीभ धारदार असल्यामुळे त्यांना सर्वजण 'कात्री' म्हणतात, त्याही तसेच म्हणवून घेतात. कात्री म्हणाल्या, "काका, पुरुष परगावी गेला की त्याला प्रवास म्हणतात, बाई गेली की तिला गैरहजेरी म्हणतात. माझी गाय कोण पिळणार, सासूला औषध कोण देणार? ते लिहा, नाहीतर मी येत नाही." तेवीस घरांपैकी चौदा घरांचे शेत बायका पाहतात. त्या गेल्या नाहीत, तर प्रवास होईल, पण विद्येचा होणार नाही.

शंका तिसरी : 'जमीन ही व्यक्ती नाही. प्रश्न नऊ हा या योजनेचा गाभा आहे. कृपया व्यक्ती व तिच्याशी असलेले नाते लिहावे. याशिवाय अर्ज पुढे पाठविता येणार नाही.'

ठीक आहे. नवीन अर्ज लिहिला. प्रश्न नऊसमोर आता 'कै. वडिलांकडून' असे आहे.

सर्व सतरा पाने पुन्हा लिहीत होतो, तेव्हा आई म्हणाली, "अहो, शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत काय आहे ते वाचा तरी. खाडाखोड केल्यास बाजूस सही करावी. म्हणजे खोडलेलं चालतं त्यांना."

मी म्हणालो, "चूक करायची आणि वर सही करून मिरवायची, हे मला जमणार नाही."

"हो ना," ती म्हणाली, "तुमची चौथी पक्की."

आपला,
अध्यक्ष, बांध-मंडळ


दि. ७ मार्च

महोदया,

अर्ज परत मिळाला. या खेपेस शंका टंकलिखित नव्हती. प्रश्न नऊच्या समासात शिसपेन्सिलीने एवढेच लिहिले होते : 'आजोबा वर्षातून दोनदा नांगरत असत.'

हे खरे आहे. ते दोनदा नांगरत आणि मी तीनदा. माझ्या नांगराच्या तासाला दोरी लावून पाहिली तरी बोटभर फरक निघत नसे, म्हणून लोक मला 'ओळंबा' म्हणत. भिंत सरळ आहे की नाही हे गवंडी ओळंब्याने पाहतो. गाव शेत सरळ आहे की नाही हे माझ्या शेताकडे पाहून ठरवी. अशा नावाचा माणसाला अभिमान वाटतो. आपण अधिकारी झाल्यामुळे आपल्याला पुढे हे कळेलच.

असे असताना विहिरीकडची पट्टी आपण मागून घेतलीत. मी ती दिली, हे आपण विसरला नसाल. तीन वर्षे आपण तीत नांगर घालू दिला नाहीत. पेंढा पसरलात, वाटाणा, गहू आणि आणखी कसलीकसली रोपे एकत्र वाढवलीत. रस्त्यावरून पाहणाऱ्याला ते शेत नव्हते, न विंचरलेले डोके होते. चहाच्या दुकानात एकजण म्हणाला, "ओळंबा कललाय. लेकीनं बापाला नांगर विसरायला लावला." सगळे हसले. मीही हसलो. चहा अर्धा सोडून उठलो आणि ट्रॅक्टर सांगितला.

आपण परीक्षेला गेला होतात. वेळ भरदुपारची होती. लोक बांधावर उभे होते. तास अतिशय सरळ आले.

आपण खांद्यावरची पिशवी न उतरवता पट्टीच्या टोकाशी उभ्या राहिलात. मला वाटले, रडाल. आपण म्हणालात, "बाबा, तुम्ही नांगरलं नाहीत. खोडलंत."

मी म्हणालो, "रान माझं आहे."

हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर होते. इतर कोणत्याही दृष्टीने ते मी नंतर तपासून पाहिले नाही.

हे सर्व मी आपल्या माहितीसाठी लिहिले आहे, प्रश्न नऊचे उत्तर म्हणून नव्हे. कोरा अर्ज पाठवावा. येथील दुकानातील प्रती संपल्या. दुकानदार म्हणतो, "काका, एवढे अर्ज तर लग्न जुळवणारेही नेत नाहीत."

आपला,
अध्यक्ष


दि. १९ मार्च

महोदया,

आपण आईला फोन केलात. मी अंगणात होतो, त्यामुळे मला काहीही ऐकू आले नाही. आईने "अगं, कुठली जमीन आणि कुठलं काय, तुझी वही आहे त्यांच्या पेटीत, सगळ्यात खाली, स्वेटरच्या घडीत," असे म्हटलेलेही मला ऐकू आले नाही.

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुम्ही माझ्याशी अबोला धरलात ते बरं केलंत. नऊ वर्षं एकीशीच धरला होतात, तिला एकटीला जड जात असेल."

वही माझ्याकडे आहे. निळ्या पुठ्ठ्याची. आपण ती फडताळावर विसरलात. उरलेली कोरी पाने वापरता येतील म्हणून मी उचलली. लिहिलेली पाने फाडण्यापूर्वी वाचून घ्यावीत एवढाच हेतू होता. पहिल्या पानावर आपण लिहिले होते, 'उघडी माती ही उघड्या जखमेसारखी.' मी ते पान फाडले नाही. दुसरेही नाही. 'सूक्ष्मजीव' हा शब्द शाळेतल्या बाईंकडून समजून घेतला. 'आच्छादन' मला आपोआप समजला. आईचा पदर डोळ्यांपुढे आला.

नांगरलेल्या पट्टीत दुसऱ्या वर्षी मी नांगर घातला नाही. लोकांना सांगितले, ट्रॅक्टर बिघडला आहे. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "काका, ट्रॅक्टर माझा आहे. बिघडला असता तर निदान मला कळलं असतं." मग सांगितले, गुडघा दुखतो. पट्टीत वहीप्रमाणे पान पान करून सर्व केले. कधी आपली ऱ्हस्व-दीर्घाची चूक आढळली तर ती दुरुस्त केली. मजकुराला हात लावला नाही. चौथ्या वर्षी पाणी फार कमी झाले. सगळ्यांची माती भाजलेल्या विटेसारखी झाली आणि विहिरीकडच्या पट्टीत बोट पेरभर आत जात होते. कात्री बांधावर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "काका, हे कसं?"

तेव्हा 'मुलीच्या वहीतून' असे म्हणता आले असते. तोंडातून 'जमीन सांगते' असे गेले. वाक्य गोल होते, लोकांना आवडले. पुढे कात्री, मग ट्रॅक्टरवाला, मग बाकीची घरे, असे मंडळ झाले. 'कोणाकडून?' हा नियम मी केला, सर्वांना लावला आणि दर महिन्याला त्याच्यासमोर मीच खोटे बोललो.

अर्जाबाबत आपले अधिकृत पत्रही त्याच आठवड्यात डाकेने मिळाले. शिकवणारी व्यक्ती संस्थेच्या सेवेत असल्यास प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाईल आणि आपल्याला त्यात एक शब्दही बोलता येणार नाही, असे आपण कळवले आहे. त्याला उशीर लागेल आणि नकारही येऊ शकेल, हेही. म्हणजे मी खरे लिहिले तर अर्ज तुझ्या टेबलावरून उचलला जाईल. खोटे लिहिले तर तू तो पुढे जाऊ देणार नाहीस.

मी पाहिले आहे की वरील ओळीत 'तू' लिहिले गेले. पान नव्याने लिहिणार होतो. दिवा मंद आहे, राहू दे.

मंडळास विचारल्याशिवाय मला काही लिहिता येणार नाही. या महिन्याची बैठक माझ्याच शेतात आहे.

अध्यक्ष


दि. १ एप्रिल

चि. टाचणीस,

बैठक काल झाली. सर्व सांगतो, क्रमाने सांगतो.

एकवीस कुदळी आल्या. नियमाप्रमाणे मला आधी माझ्या शेतातील सर्वांत वाईट जागा दाखवायची होती. दरवेळी मी रस्त्याकडचा खडकाळ कोपरा दाखवतो. तो वाईट आहे, पण त्यात माझा दोष नाही. काल मी सर्वांना विहिरीकडच्या पट्टीवर नेले.

कात्री म्हणाल्या, "काका, चष्मा बदला. ही तर सगळ्यात चांगली जागा आहे."

मी म्हणालो, "खणा."

ट्रॅक्टरवाल्याने कुदळ मारली. वीतभर माती काळी, भुसभुशीत, चाळणीतून पडावी तशी पडली. तिच्याखाली कुदळ खणकन वाजली. दगड नव्हता. माझ्या चाळीस वर्षांच्या सरळ तासांनी दाबलेला थर होता. वरून आलेली मुळे त्याच्यापर्यंत पोचून आडवी वळली होती, बंद दाराशी माणूस वळतो तशी. तुझ्या वहीत अठराव्या पानावर हे चित्र आहे. तू मुळांना बाण काढले आहेस.

मी म्हणालो, "हा थर माझा आहे. माझ्या मुलीने तीन वर्षे तो सोडवायला घेतला होता. मी तिच्या कामावर ट्रॅक्टर घातला, तो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला. त्यानंतर जे केले ते तिच्या वहीतून केले, ते कोणी पाहिले नाही. तुम्ही मला 'कोणाकडून' असे विचारलेत आणि मी जमिनीचे नाव सांगितले. ते खोटे होते."

मला वाटले, आता अध्यक्षपद सोडावे लागेल. राजीनामा लिहून खिशात ठेवलाच होता. अक्षर चांगले आले होते.

कात्रीबाई म्हणाल्या, "काका, जमीन कधी 'आच्छादन' म्हणते का? आमची जमीन तर 'पेंढा' म्हणते. तुम्ही पहिल्या दिवशी 'आच्छादन' म्हणालात, तेव्हाच मला कळलं हा शब्द कुणाचा ते. शाळेत एका बाकावर बसत होतो आम्ही."

मी विचारले, "मग पाच वर्षे बोलला का नाहीत?"

"तुम्ही कधी सांगताय ते बघत होतो. माझी आणि ट्रॅक्टरवाल्याची पैजही होती. तो म्हणाला, या जन्मात नाही. हरला."

सर्वजण हसले. नऊ वर्षांपूर्वी चहाच्या दुकानात हसले होते तसे नव्हे. तरीही मला खाली बसावे लागले. खुर्ची नव्हती, त्यामुळे खड्ड्याच्या काठावरच बसलो.

मग मी अर्जाची अडचण मांडली. खरे लिहिले तर फाईल तुझ्या हातून जाईल आणि कदाचित अनुदानही. प्रवास, बियाणे, कात्रीबाईंची गाय, सर्वच टांगणीला. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "काका, खोटं लिहून पैसे आणले, तर डोंगरापलीकडच्यांना जाऊन काय शिकवू? खोटं कसं लिहायचं ते?" हात वर करायला सांगितले नव्हते, पण सगळ्यांनी केले. हातांना माती होती.

एक गोष्ट राहिली. शेवटी ट्रॅक्टरवाला खड्ड्यात वाकून म्हणाला, "काका, हे बघा." आडव्या वळलेल्या मुळांमध्ये पाच मुळे वळली नव्हती. ती थरातून आरपार खाली गेली होती. आम्ही दोनदा मोजली. पाचच आहेत. अहवालात पाचच लिहिणार आहे.


दि. ३ एप्रिल

चि. टाचणीस अनेक आशीर्वाद.

अर्ज सोबत पाठवत आहे. हा दुसऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जाईल, म्हणून आत जाण्यापूर्वी एकदा तू शेवटचा पाहून घे. पाहण्यास नियमाची हरकत नसावी.

प्रश्न नऊसमोर मी सवयीने 'जमिनीकडून' असे लिहून गेलो. वय झाले. आई कोरा अर्ज घेऊन आली. मी नको म्हणालो. 'जमिनीकडून' या शब्दावर एक रेघ मारली. रेघ सरळ आली आहे, तिला माझा इलाज नाही. तिच्यावर लिहिले : 'मुलीकडून. नाते : मी तिचा बाप.' आयुष्यात कागदावर केलेली ही माझी पहिली खाडाखोड.

तुझी कुदळ माळ्यावरून काढली. दांडा कुजला होता. नवा बसवला आहे, तुझ्या उंचीचा. उंची मी अंदाजाने धरली नाही, दारावर खूण आहे. पुढची बैठक कात्रीबाईंच्या शेतात, एकोणीस तारखेला. तुला अधिकारी म्हणून बोलावणे नाही. अधिकाऱ्यांना खुर्ची लागते. पट्टी मात्र तुझी आहे, तिच्यातील थर फुटायचा राहिला आहे आणि पुढची पाने वहीत नाहीत. ती तू लिहिली नाहीस. मला येत नाहीत.

आई विचारते, एकोणिसाव्या तारखेची बस सकाळची की दुपारची. तिला मी सांगितले, येईल की नाही तेच ठाऊक नाही. ती म्हणाली, "मी वेळ विचारली."

तू म्हणाली होतीस, नांगरले नाहीत, खोडलेत. ते बरोबर होते. आणि खाडाखोड केल्यास बाजूस सही करावी, हा नियम तुमच्याच अर्जावर छापलेला आहे. नऊ वर्षे उशीर झाला. समासात पाहा. सही केली आहे.

बाबा